कोरडा पंप

यांना झटका आला तेव्हा यांच्या गॅरेजच्या दुकानात एक इंजिन खोललेलं पडलं होतं. उजवा हात गेला, पाय ओढत चालावं लागे, जीभ जड झाली. नगरच्या दवाखान्यातून मिरजगावला परत आलो, तरी ते फळीवर जुन्या चादरीखाली तसंच होतं. मोटारसायकल दूधवाल्याची. तो भावाची मोटारसायकल मागून वाड्यावस्त्यांवरून दूध गोळा करत होता. हायवेवरच्या दुसऱ्या गॅरेजांत विचारून आला, पण दुसऱ्याने खोललेलं इंजिन पुन्हा जोडून भरायला कोणी तयार होईना.

"तू भर," हे मला म्हणाले. "मी सांगतो."

मी अंगणवाडीत काम करते. सकाळी यांची अंघोळ, हाताचे व्यायाम, मग अंगणवाडी, आल्यावर स्वयंपाक. माझ्यात जीव कुठे उरला होता? पण दवाखान्यातून आल्यापासून यांनी पहिल्यांदाच काही मागितलं होतं. रविवारी चर्चहून आल्यावर शटर वर केलं, यांना खुर्चीत बसवलं आणि साडीवर यांचाच जुना शर्ट चढवला.

"कोरडं काय बी बसवायचं न्हाई," हे म्हणाले.

नवं भरलेलं इंजिन सुरू केलं की खालचं ऑइल वर पोचायला वेळ लागतो. तेवढ्यात कोरडं लोखंड लोखंडावर घासलं, की सगळं काम वाया. म्हणून प्रत्येक भागाला आधी हाताने ऑइल लावायचं. मी बेअरिंगमध्ये ऑइल सोडून ती बोटाने फिरवली. गिअरच्या दात्यांना लावलं, पिस्टनच्या रिंगांना, सिलिंडरला आतून.

"लई न्हाई. पुसल्यावानी."

निम्मे शब्द मला पुन्हा विचारावे लागत. मग हे चिडत, रस्त्याकडे तोंड करून बसत. मी हातात पिस्टन धरून वाट बघत उभी. असे बरेच रविवार गेले. भाकरी थापतानाही बोटांना ऑइलचा वास यायचा.

शेवटी सगळं भरून इंजिन गाडीत बसवलं. "प्लग काढून किक मार," हे म्हणाले. "वर ऑइल चढलं का बघ." प्लग नसला की इंजिन पेटत नाही, नुसतं फिरतं आणि आतला पंप ऑइल वर ढकलतो. मी किक मारत राहिले. पिंडऱ्या भरून आल्या. वरचं झाकण उघडून पाहिलं, तर मी लावलं होतं तेवढंच. नवा थेंब नाही.

"पंपात ऑइल भरून बसवलास ना?"

"ते तुम्ही सांगितलंच नव्हतं."

 पंप कोरडा बसवला तर ऑइल ओढत नाही, हे यांना किती वर्षांपासून ठाऊक. आजवर एकदाही चुकलं नव्हतं.

"ध्यानातनंच गेलं," हे म्हणाले. मग हळूच, "अजून काय काय गेलं असंल गं?"

माझ्या ओठांवर आलेलं रागाचं बोलणं तिथंच थांबलं. दवाखान्यातसुद्धा हे एवढे घाबरलेले मी पाहिले नव्हते. मी खाली फरशीवरच बसले. उठावंसं वाटेना. समोर टपरीवरून चहा आणला, यांना कपाने पाजला, उरलेला मी प्याले आणि पुन्हा पाना हातात घेतला.

बाजूचं झाकण काढलं, पंप बाहेर काढला. त्यात ऑइल ओतून, दुसऱ्या तोंडातून बाहेर येईपर्यंत बोटाने फिरवला. झाकणाला नवं पॅकिंग लावून आवळलं. पुन्हा किक. वर बारीक धार पाझरताना दिसली.

"आलं हो."

"मला दाव."

मी काखेत हात घालून यांना उभं केलं. यांनी डावं बोट त्या ऑइलमध्ये बुडवलं, अंगठ्याशी चोळलं आणि मान हलवली.

प्लग परत लावला आणि गाडी सुरू झाली. दूधवाला ती अजून चालवतो. पण त्या संध्याकाळी हे म्हणाले, "आता दुसरं काम घ्यायचं न्हाई." मी का म्हणून विचारलं नाही. खरं तर मला सुटल्यासारखं झालं. दुकान आता मोबाईलवाल्याला भाड्याने दिलंय.

हे काठी घेऊन चालतात. कुणाला साधा रस्ता जरी सांगितला, तरी नंतर मला विचारतात, "काय राहिलं का माझं सांगायचं?"

मी "नाही, बरोबर सांगितलंत" म्हणते. कधी कधी इतकी दमलेली असते, की यांनी काय सांगितलं ते मी ऐकलेलंही नसतं.