त्यांच्या वाफ्यातली वांगी

कोयनेचं धरण नवं होतं तेव्हा साताऱ्याला आम्हा मास्तरांना शाळेची बाग करायला शिकवत होते. आमच्यात एक बौद्ध मास्तर होते. जाता-येता वाकून चिमूटभर माती बोटांत चुरून बघायची त्यांची सवय. विहिरीत मात्र त्यांनी बादली सोडायची नाही! त्यांच्या झारीत दुसऱ्यानं वरून पाणी ओतायचं. आणि शिकवणारे साहेब रोज सांगणार, बागेमुळे मुलांत समता येते. समता म्हणे! कपाळ माझं!

एका दुपारी जेवणात वांगी आली. लांब बसवलेले ते मास्तर शांतपणे म्हणाले, “ही माझ्या वाफ्यातली हायती. माझी वांगी तुमाला चालत्यात, मग माझी बादली का चालत न्हाई?”

ते ताटावरून उठले आणि सरळ विहिरीकडे गेले. बादली पाण्यावर आपटल्याचा आवाज आम्ही हातातला घास तसाच धरून ऐकला.