टाकीवरचा पोचा

आमच्या घराण्यात आजवर एकच जण स्पर्धेत अपात्र ठरला आहे, आणि तो म्हणजे बाबांच्या फटफटीची पेट्रोलची टाकी.

ही फटफटी बाबांनी लग्नाच्या आदल्या वर्षी घेतली. ते होते तोवर मला ती पुसायची परवानगी होती, चालवायची नव्हती. मी मामावर गेलोय असं त्यांचं ठाम मत होतं. (मामा उभ्या सायकलवरूनही पडायचा.) बाबांचं ऐकून अख्खं एकोडी गाव तेच म्हणू लागलं. पाच वर्षांपूर्वी बाबा गेले, फटफटी पडवीत ताडपत्रीखाली गेली, आणि मी अठ्ठेचाळीस वर्षांचा होईपर्यंत मामावरच राहिलो.

मग कळलं की साकोलीजवळच्या माळावर जुन्या फटफट्यांची स्पर्धा आहे. डांबरी रस्ता नाही. नाले, दगड, धुरे म्हणजे शेतांचे बांध, सगळं ओलांडायचं. अट अशी की गाडी पन्नास वर्षांची तरी हवी आणि तिचं इंजिन, सांगाडा व टाकी मूळचीच हवी. बाकी काहीही नवं चालेल. (चालवणाराही!) बायकोनं नियम दोनदा वाचले आणि चालवणाऱ्याच्या अकलेची काही अट दिसत नाही असं सांगितलं.

आईचाही विरोध होता. पण अर्जात मूळ मालकाच्या नावाचा रकाना होता, आणि गाडी सुटताना ते नाव भोंग्यावरून पुकारणार होते. हे वाचून दाखवलं तशी आई तांदूळ निवडायची थांबली.

"भोंग्यावर त्यायचं नाव घेतीन?"

"हो, साऱ्या माळाले आयकू जाईन."

"मंग जा. मले तं जन्मभर घेता नाही आलं. दुसऱ्यानं घेतलं तं आयकीन तरी."

खरंच, आईच्या तोंडून बाबांचं नाव मी कधी ऐकलं नव्हतं. लग्नातला उखाणासुद्धा तिनं असा पुटपुटला होता म्हणे, की नवरा कोण हे वऱ्हाडाला शेवटपर्यंत कळलं नाही. तेव्हा आता काहीही करून 'डोमाजी' हे नाव माळावर घुमवायचंच असं मी ठरवलं, आणि उत्साहाच्या भरात ही बातमी गावाच्या ग्रुपवर टाकली. इथून माझी घसरण सुरू झाली.

महिनाभर मी अंगणात फटफटी शिकलो. कोंबड्या शेजारी राहायला गेल्या. टाकीच्या डाव्या अंगाला वाटीएवढा पोचा होता, तो मला खुपायला लागला. बाबांचं नाव पुकारणार आणि गाडी अशी पोचलेली? आई म्हणाली, राहू दे. काहून, ते तिनं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. टाकी तुमसरला नेऊन पोचा काढून घेतला, वर चकचकीत लाल रंग मारून आणला. आईनं जिथं पोचा होता तिथं हात फिरवला आणि आत गेली. मला वाटलं, आनंदानं.

स्पर्धेच्या दिवशी आईला मागे बसवून मी डांबरी रस्त्यानं साकोली गाठली, न पडता. तपासणीच्या टेबलावर एक निवृत्त मास्तर भिंग घेऊन बसले होते. इंजिनाचा नंबर जुळला. सांगाड्याचाही जुळला. टाकीला मात्र नंबर नसतो, तिच्यासाठी जुना फोटो हवा होता. तो मी मोठ्या ऐटीत काढून दिला: लग्नानंतर पंधरा दिवसांनी स्टुडिओत काढलेला, मागे तारीख. नवी नवरी, शेजारी फटफटी, आणि टाकीवर हात ठेवून उभे बाबा. तो हात मी जन्मभर रुबाब समजत आलो होतो.

मास्तरांनी भिंग धरलं. फोटोकडे पाहिलं, टाकीकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे.

"यांच्या हाताखालून पोचा डोकावतोय," ते म्हणाले. "तुमच्या टाकीवर नाही. ही टाकी दुसरी दिसते."

पोचा मीच काढला म्हणून मी शपथेवर सांगितलं. ते सभ्यपणे म्हणाले की असं सगळेच सांगतात. शेवटी आई पुढे झाली. लग्नानंतर पहिल्यांदा माहेराहून आणताना बाबांनी तिला गाडीसकट धुऱ्यावर पाडलं होतं, टाकी दगडावर आपटली होती. "कोणाले सांगशीन नोको म्हणे. म्हून मी पन्नास वर्सं नाही सांगतलं," ती म्हणाली. तिचं माहेर गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं. तो धुरा गेला, तो दगड गेला. त्या दिवसाचा तेवढा पोचा शिल्लक होता, आणि तो मी काढून आणला होता.

मास्तरांनी चष्मा पुसला. पण नियम तो नियम. भोंग्यावरून सतरा नावं पुकारली, ती सगळी आईनं उभं राहून ऐकली. त्यात बाबांचं नव्हतं.

परतताना चौकातून जायची हिंमत नव्हती. ग्रुपवाले हार घेऊन बसले असणार. म्हणून शेवटचा तुकडा मी धानाच्या बांध्यांतून घेतला. गाडी सावकाशच होती. मला मात्र पुढचं नीट दिसत नव्हतं, कारण डोळे भरून आले होते, आणि ते मागे बसलेल्या आईला कळू नये म्हणून मी पुसतही नव्हतो. तेवढ्यात धुरा आला. आईनं माझे खांदे गच्च धरले आणि ओरडली,

"डोमाजी, हळू चालवा नं!"

मग आम्ही पडलो.

आई धसकटांत बसली होती, मी फटफटीखाली. तिनं पदर तोंडावर धरला होता. लागलं का, म्हणून विचारलं तर ती मान हलवत हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग उठली, माझ्याऐवजी आधी टाकी पाहिली. उजव्या अंगाला वाटीएवढा पोचा पडला होता.

"हा काढशीन तं याद राख," ती म्हणाली. "लोकं उगीच म्हणतेत मामावर गेला. तू तं बापावर गेला."

गुडघा फुटला होता, लाल रंग खरवडला होता, आणि मी आडव्या फटफटीखाली तसाच पडून होतो. हे ऐकायला एवढंच करावं लागतं हे आधी कुणी सांगितलं असतं, तर बाबा असतानाच त्यांच्यादेखत दोन-चारदा पडून घेतलं असतं.