ढगातली हाक

पठारावर ढग उतरला की झाडं, मेंढ्या, पायवाट सगळं हळूहळू पुसलं जातं आणि उरतात नुसते आवाज. अशाच एका सकाळी धनगरवाड्यातल्या म्हाताऱ्या ठकूमावशीनं मला एका विमानाची गोष्ट सांगितली. ती गोष्ट घडली तेव्हा ती नुकतीच लग्न होऊन आली होती, आणि विमान ही नवलाची वस्तू होती. माल नेणारं ते विमान ढगात वाट चुकून डोंगराभोवती घिरट्या घालत होतं. दिसत मात्र काहीच नव्हतं.

"मी वर तोंड करून वरडले, इकडं येऊ नगंस, इकडं डोंगर हाय!" मावशी म्हणाली. "मालक हसले. म्हणाले, त्याला काय ऐकू येतंय?"

मग मोठा आवाज झाला आणि सगळं शांत झालं.

दोघं नवरा-बायको धावत वर गेली. करवंदीच्या जाळ्यांवर कापडाचे तागे उलगडून पडले होते, लाल, निळे, मोरपंखी. वैमानिक एकटाच होता, तिच्याच वयाचा. त्याच्यात जीव उरला नव्हता. तिनं अंगावरची घोंगडी काढून त्याला पांघरली.

"मालक म्हणाले, आता त्याला कुठली थंडी? म्हटलं, असू द्या."

दुसऱ्या दिवशी शहरातून माणसं आली आणि त्याला घोंगडीसकट घेऊन गेली.

मी बराच वेळ त्या हाकेचाच विचार करत बसले. त्याच्यासाठी जगातली शेवटची हाक एका अनोळखी बाईनं मारली होती, आणि त्याला ते कधीच कळलं नाही.

"घोंगडी गेली, मग पावसाळा कसा काढलास?" मी विचारलं.

मावशी लाजून हसली. "एकाच घोंगडीत. दोघांनी."