एक वीत कमी मैदान

हिवरखेडच्या चंद्रभान निमकर्ड्यांच्या घरात सन-तारखेचा घोळ कोणी घालत नाही. मुलाचा, म्हणजे बंडूचा, जन्म कधीचा? तर मारोती मंडळानं तेल्हाऱ्याच्या संघाला नऊ गुणांनी पाडलं, त्याच्या दुसऱ्या दिवशीचा. घरावर स्लॅब कधी टाकला? मंडळात दर्यापूरची ढाल आली त्या उन्हाळ्यात. आता मारोती मंडळ म्हणजे भजनी मंडळ नव्हे बरं. तो गावचा कबड्डीचा संघ. मारोतीच्या पाराजवळ त्याचं मैदान आहे आणि निमकर्ड्यांच्या तीन पिढ्या त्या मैदानाला चिकटून आहेत.

चंद्रभानचं लग्न तर पंचक्रोशीत गाजलेलं. मुलगी अकोटची, कौशल्या. लग्नाच्या दिवशीच अकोटात मंडळाचा उपांत्य सामना पडला. वरात वेळेवर पोचली, पण नवरदेवासकट सगळी माणसं मैदानावर. मांडवात भटजी, वाजंत्री आणि नवरी. शेवटी सासरे स्वतः शोधत गेले, तर जावई डोक्याला बाशिंग बांधून मध्यरेषेपाशी उकिडवा बसलेला.

"पाच मिनिटं थांबा, मामाजी," जावई म्हणाला, "दुसरा डाव संपतच आला."

कौशल्याबाई आजही हे सांगतात आणि शेवटी न चुकता म्हणतात, "अन् एवढं करून हारले, माय!"

चंद्रभान स्वतः मोठा खेळाडू कधीच नव्हता. दोन वर्षं राखीव गडी म्हणून बसला, तेवढंच. धंदा भाजीपाल्याचा. मेथी, पालक, वांगी आणि सांबार, म्हणजे आपली कोथिंबीर. पण निमकर्ड्यांचा मान खेळण्यात नव्हताच, मैदानात होता. आपल्याकडची काळी जमीन थंडीत भेगाळते, खेळणाऱ्याचा पाय मुरगळतो. म्हणून चंद्रभानचे वडील नत्थुजी दर वर्षी जुन्या गावठाणातली पांढरी माती बैलगाडीनं आणत, चाळत, पाणी मारून चोपत. मग निघायचा दोर. नत्थुजींनी स्वतः वळलेला अंबाडीचा दोर, त्यात तीन ठिकाणी लाल चिंध्या गुंफलेल्या. एक टोक मध्यरेषेच्या खुंटीला बांधायचं आणि दोर ताणायचा. पहिली चिंधी निदान रेषेची, दुसरी बोनसची, तिसरी शेवटच्या रेषेची. चिंधी जिथं येईल तिथं पांढरी फक्की टाकायची. एका बाजूचं झालं की तोच दोर दुसऱ्या बाजूला.

निदान रेषा ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगायला हवं. चढाईला गेलेल्या गड्यानं कोणाला हात लावला तर उत्तमच. नाही लावता आला तर निदान ही रेषा तरी ओलांडून यायची. तीही नाही ओलांडली, तर धडधाकट परत आला तरी बाद.

नत्थुजींची पोरांना एक शिकवण होती. चढाई करताना खाली पाहायचं नाही. "नजर समोरच्या माणसावर, रेषा पायात," असं ते म्हणत. हिवरखेडचा गडी खाली पाहतो म्हटलं की गावात हसं व्हायचं. पोरं त्या मैदानावर इतकी घोटून घ्यायची की पाऊल आपोआप रेषेपलीकडे पडायचं आणि आपोआप मागं फिरायचं.

नत्थुजी गेले त्या सालची गोष्ट. पौष महिना, स्पर्धेचा दिवस, पाहुणे संघ उतरलेले, आणि चंद्रभाननं माळ्यावरून दोर काढला तर उंदरानं मधोमध कुरतडलेला. ताणल्याबरोबर तुटला. नेमका खुंटी आणि पहिली चिंधी यांच्यामध्ये. चंद्रभाननं दोन्ही टोकं एकमेकांवर घेऊन जाडजूड गाठ मारली, पाय लावून ओढून पाहिली, गाठ पक्की बसली. अकरा वाजता मैदान तयार. बापाच्या माघारी पहिलं मैदान. लोकांनी पाठ थोपटली. गाठीनं किती दोर खाल्ला, हे त्याच्या मनातही आलं नाही. भाजीच्या सरीत बोटभर फरक पडला तर ज्याला झोप येत नाही, तो हा माणूस. पण दोर बापाचा होता. बापाच्या वस्तूला कोणी मोजून पाहतं का?

त्याच हंगामात, महिनाभरानं, अकोटात अंतिम सामना झाला. समोर अकोटचाच संघ. गुण बरोबरीत, शेवटची चढाई, आणि चढाईला खुशालराव. खुशालराव म्हणजे चंद्रभानचा लहानपणापासूनचा मैतर, वाऱ्यासारखा गडी. तो गेला, फिरला, कोणाला हात न लागता परत आला. बरोबरी झाली म्हणून हिवरखेडवाले टोप्या उडवायला लागले, तेवढ्यात पंचांनी शिटी वाजवली. शालिकराम मास्तर पंच होते. म्हणाले, "निदान रेषा ओलांडली नाही. बाद."

मग जे व्हायचं ते झालं. खुशालरावनं चारशे माणसांत मास्तरांना बेईमान म्हटलं. संघ एका गुणानं हरला. तेव्हापासून खुशालराव अकोटच्या बाजाराला गेला नाही. कापूस तेल्हाऱ्याला, बियाणं तेल्हाऱ्याहून, डोळ्याचं ऑपरेशन थेट अकोल्याला. एसटी अकोटवरून जाते म्हणून त्यानं खिडकीकडे पाठ करून बसावं, इतका राग. आणि पुढं चाळीस वर्षं हिवरखेडचा कोणी ना कोणी अकोटात निदान रेषेवर बाद होतच राहिला. खुद्द बंडू दोनदा झाला. बाहेरच्या दुसऱ्या मैदानांवरही व्हायचे, पण लक्षात राहायचं ते अकोटचं. गावाचं मत पक्कं झालं, अकोटचे पंच बेईमान.

या सगळ्यात एकट्या कौशल्याबाई माहेरच्या बाजूनं लढत.

"आमच्या अकोटच्या लोकायले दुसरं काम नाही काय? तुमचे पोट्टे जातच नसतील रेषेवर!"

"तुले काय समजते त्यातलं?"

"मले एवढं समजते की चाळीस वर्षं सारेच पंच बेईमान निपजत नसतात."

चंद्रभान यावर हसून चहा मागायचा.

बंडूची मुलगी रागिणी अमरावतीला शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजात आहे. यंदा ती पंच परीक्षा पास झाली. दिवाळीत घरी आली तेव्हा आबाजींची, म्हणजे चंद्रभानची, छाती अशी फुगली की सदऱ्याची गुंडी लागेना. घरातून पहिला पंच, आणि तोही नात! आल्या दिवशीच ती संध्याकाळी मैदानावर गेली. मंडळाचा आजचा चढाईपटू विपुल सराव करत होता. रागिणी बाजूला उभी राहून बराच वेळ नुसती पाहत होती.

घरी येऊन म्हणाली, "आबाजी, विपुलचं पाऊल आखूड पडून राहिलं. असा अकोटात गेला तर बाद होईल."

"अवं, तो रेषेच्या पलीकडे टाकते पाऊल. मी रोज पायतो."

"तीच तर गंमत आहे. इथं तो रेषेच्या पार जाते. पण मले ते अंतरच कमी वाटून राहिलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मोजपट्टी घेऊन आली. चंद्रभान सांबार खुडत होता, ते टाकून तिच्या मागं मैदानावर गेला. मध्यरेषेपासून निदान रेषा पावणेचार मीटर हवी. रागिणीनं पट्टी ताणली, खाली वाकली, पुन्हा ताणली. मग दुसऱ्या बाजूनं मोजलं.

"एक वीत कमी आहे, आबाजी. दोन्हीकडून."

चंद्रभाननं वाकून पट्टीवरचा आकडा स्वतः पाहिला. घरी गेला, माळ्यावरून दोर उतरवला, अंगणात पसरला. त्या जुन्या गाठीवर त्यानं आपली वीत ठेवली. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत बरोबर बसली.

दारात उभ्या कौशल्याबाईंनी सारं पाहिलं. चाळीस वर्षांची बाजी जिंकलेली बाई, पण बोलल्या नाहीत. आत जाऊन चहा ठेवला. चंद्रभानला त्या न बोलण्याचंच जास्त लागलं.

बंडूला कळलं तेव्हा त्यानं डोक्याला हात लावला. "म्हणजे बाबा, मी दोनदा बाद झालो ते खरंच होतो?"

"होतास."

"अन् मी त्या पंचाच्या गाडीची हवा सोडली होती ना!" म्हणून तो हसत सुटला. बंडूचं तेवढ्यावर निभावलं.

पण खुशालरावचं काय? चंद्रभानच्या मनात तेच घोळत राहिलं. एका गाठीपायी त्या माणसानं अर्धं आयुष्य अकोटकडे पाठ केली. चांगल्या मास्तराला चोर म्हटलं. आणि ती गाठ मारणारा रोज संध्याकाळी त्याच्याच शेजारी पारावर बसून त्याच्याच डबीतला तंबाखू मळत होता. सांगितलं तर मैतर जातो. न सांगितलं तर? रागिणी म्हणाली, "गुपचूप नवीन रेषा आखून टाकू, आबाजी. कोणाले समजणार नाही." त्यानं तिच्याकडे असं पाहिलं की पोरगी वरमली.

सांगायचं तर पारावर, सगळ्यांसमोर, असं त्यानं ठरवलं. संध्याकाळी खेळाडू जमले, म्हातारी मंडळी जमली. चंद्रभाननं दोर खांद्यावरून काढून खाली टाकला, गाठ दाखवली आणि उंदरापासून सगळं सांगितलं. बोलताना एकदाही थांबला नाही. थांबला असता तर पुढं बोलता आलं नसतं.

"खुशाल," तो शेवटी म्हणाला, "तू बाद झाला तो माह्यामुळं. पंच खरा होता. मैदान मी कमी आखलं होतं."

 खुशालराव त्या गाठीकडे पाहत बसला. मग उठला, पायात चपला सरकवल्या आणि घराकडे चालू लागला.

पाच दिवस तो पारावर आला नाही. चंद्रभान रोज त्याच्यापुरती जागा सोडून बसायचा. भाजीला पाणी द्यायचं तो दोनदा विसरला. कौशल्याबाईंनी खुशालरावच्या घरी वांगी पाठवली. वांगी ठेवून घेतली, निरोप काही आला नाही. मंडळाच्या पोरांनी मात्र काम धरलं. ट्रॅक्टरनं पांढरी माती आली, चाळून झाली, चोपून झाली. फक्की टाकायच्या दिवशी चंद्रभान लांब उभा राहिला.

"आबाजी, या ना," रागिणी म्हणाली.

"नाई. आता तूच आख. माह्या हातचं एकदा झालं ते पुष्कळ झालं."

"एकटीनं पट्टी कशी ताणू? दुसरं टोक कोण धरीन?"

"आण, मी धरतो," मागून आवाज आला.

खुशालराव. डोक्याला टॉवेल, हातात काठी. त्यानं काठी पाराला टेकवली, पट्टीचं टोक घेतलं आणि गुडघे कुरकुरत असताना खाली बसला. चंद्रभान कधी त्याच्याजवळ जाऊन उभा राहिला, त्याचं त्यालाच कळलं नाही.

"रागावला का रे?" त्यानं विचारलं.

"तुह्यावर? नाई." खुशालराव पट्टीवरून नजर न काढता बोलत होता. "पाच दिवस घरात बसून विचार केला. तू सारं आपल्या अंगावर घेतलं. मले वाटलं, घेऊ द्या. बरंच झालं, आता तर पंचही सुटला अन् मीही सुटलो. पण भाकर गोड लागेना."

"म्हणजे?"

"चंद्रभाऊ, त्या दिवशी मी खाली पायलं होतं."

चंद्रभानला क्षणभर उमगेना. खुशालराव हळू आवाजात सांगत गेला. त्या शेवटच्या चढाईत त्यानं रेषा स्पष्ट पाहिली होती. आणखी एक पाऊल हवं होतं. पण अकोटच्या कोपऱ्यांवरच्या दोन्ही गड्यांनी आधी दोनदा त्याला असं आपटलं होतं की श्वास कोंडला होता. ते दोघं पुन्हा वाकून तयार उभे होते.

"पाय उचललाच नाई. भेलो होतो, बॉ. मास्तरांनी शिटी मारली तवा तोंडातून शब्द निघाला, तो साऱ्या गावानं उचलला. मंग परत कसा घेऊ? तुह्या गाठीचा दोष बंडूच्या वेळी असीन, विपुलच्या वेळी असीन. माह्या वेळी नव्हता."

चंद्रभान त्याच्याशेजारी मातीत बसला. चाळलेली माती मऊ होती, थंड होती. 

"मंग लेका, अकोटले काहून जात नव्हता?"

"मास्तर भेटले तर काय तोंड दाखवू?"

"अजून आहेत ते. कौशल्याच्या माहेरच्या गल्लीतच राह्यतात. नव्वदीले टेकले."

खुशालरावनं मान खाली घातली. मग म्हणाला, "यंदा अकोटात सामना असीन त्या दिवशी जाऊ. तू येशील का संगं?"

"येतो ना. कौशल्यालेही घेऊ. घर तिलेच ठाऊक आहे."

"वैनी मले जन्मभर ऐकवतीन."

"मले काय कमी ऐकवते? सवय होते हळूहळू."

रागिणीनं पलीकडून हाक मारली. दोन्ही म्हाताऱ्यांच्या गप्पांत पट्टी ढिली पडली होती. खुशालरावनं ती घट्ट ताणली, चंद्रभाननं बरोबर आकडा वाचून खुंटी ठोकली. रागिणीनं फक्कीची पाटी त्याच्यापुढे सरकवली. या वेळी त्यानं नाही म्हटलं नाही. रेष पडली, सरळ आणि पांढरी. लगेच विपुल चढाईला सुटला. जुन्या सवयीनं पाऊल आखूड पडलं. पंच झालेल्या पोरीनं हात वर केला.

"बाद!"

विपुल ओशाळून हसला. पारावरची पोरंही हसली. तेव्हा खुशालराव काठीचा आधार घेऊन उठला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "हसू नका रे. अकोटात मी खरा कसा बाद झालो, ते सांगतो तुमाले. बसा इकडे."

पोरं गोल करून बसली. चंद्रभान उठून त्याच्या बाजूला उभा राहिला.