कप्तानसाहेबांची चाकांवरची होडी

आमच्या दफ्तराचे हेडक्लार्क आवारातल्या कडुनिंबाची पानं पाहिल्याशिवाय खुर्चीत बसत नसत. पानं कुठल्या बाजूला हलतात यावरून ते वारा ओळखत आणि मगच फाइल उघडत. सारं दफ्तर त्यांना कप्तानसाहेब म्हणे.

त्यांचे पूर्वज दरबारच्या घोडदळातले. यांनी मात्र विलायती मासिकातलं चित्र दाखवून सुताराकडून सागवानी शिडाची होडी करून घेतली होती. ती चाकांच्या गाड्यावर ठेवलेली असे, म्हणजे दरबारी लिलावात घेतलेल्या आपल्या मोटारीमागे जोडून हव्या त्या तलावावर नेता यावी. लोक हसत. ते इथल्या बोलीत म्हणत, "अरे भिया, मध्यभारताची राजधानी सहा महिने ग्वाल्हेरला, सहा महिने इथे. राजधानीला चाकं चालतात, मग माझ्या होडीनंच काय गुन्हा केला?"

होडीत वल्ही नव्हती. वल्हं ठेवणं म्हणजे वाऱ्यावर अविश्वास, असं त्यांचं मत.

ग्वाल्हेरहून आलेल्या मोठ्या साहेबांना जलविहाराची हौस आली. एका रविवारी आम्ही सगळे हातोदजवळच्या यशवंत सागरावर गेलो. साहेब, त्यांचा चपराशी आणि सुकाणूवर कप्तानसाहेब असे होडीत बसले. शिड छान फुगलं, होडी तलावाच्या मधोमध गेली आणि वारा पडला.

"क्या हुआ? चलाइए," साहेब म्हणाले.

"हुजूर, हवा बंद है."

"तो चालू करवाइए."

चपराशी इमानी, तो उपरण्यानं शिडाला वारा घालू लागला. काठावर आम्ही हसू दाबून उभे. उन्हं कलल्यावर कोळ्यांनी दोर बांधून होडी ओढून आणली. साहेबांचे बूट भिजले होते.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी कप्तानसाहेबांना सगळ्यांसमोर बोलावलं. होडी सदोष होती एवढं कबूल करा, विषय संपेल, असं सांगितलं. कप्तानसाहेबांना निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती आणि कबूल न करण्याचा अर्थ त्यांना पक्का ठाऊक होता.

"तकलीफ की माफी मांगता हूँ, हुजूर," ते शांतपणे म्हणाले, "पर नाव में दोष नहीं था."

राज्याच्या उत्तर टोकाच्या एका कोरड्या गावी बदली झाली. निघायच्या दिवशी मोटार ट्रंकांनी भरली, तेव्हा त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, मागच्या होडीत गाद्यांवर छत्री उघडून बसल्या. शेजारीण म्हणाली, "अहो, यात कुठे बसता?"

"मोटार चारदा बंद पडते," काकू म्हणाल्या, "ही अजून एकदाच पडलीय."

देवास नाक्यापर्यंत मी सायकलवरून मागे गेलो. तिथे मोटारीतून कप्तानसाहेबांनी हात हलवला. आमची पुन्हा भेट झाली नाही.