दोनच्या जागी पाच

पारोळ्याच्या बाजार समितीत मी तीस वर्षं मापाडी होतो. कपाशी असो, मका असो, काट्यावर दिसला तोच आकडा मोठ्याने सांगितला. व्यापारी चिडायचे, शेतकरीही चिडायचे, मी ढिम्म. म्हणून डॉक्टरांनी "एका अभ्यासात भाग घ्याल का?" असं विचारलं तेव्हा मला हसूच आलं. खरा आकडा हवा असेल तर माणूस त्यांनी बरोबर गाठला होता.

धाकट्या बहिणीला मी किडनी देत होतो. वर्षभर ती नाहीच म्हणत होती. तयार झाली ती एका अटीवर: मला दुखलं-खुपलं तर लपवायचं नाही. मी छाती ठोकून हो म्हटलं.

अभ्यास किडनी देणाऱ्यांवर होता. ती काढताना सुन्न करणारं औषध दोन तऱ्हांनी देता येतं; कोणत्या तऱ्हेने नंतर कमी दुखतं ते बघायचं होतं. माझ्या वाट्याला कोणती येणार ते कॉम्प्युटर ठरवणार, मला सांगणार नाहीत. नको वाटलं तर कधीही बाहेर पडायची मुभा होती. अख्खा कागद वाचला, चार प्रश्न विचारले, मग सही केली. माझं काम एवढंच: महिनाभर रोज संध्याकाळी, शून्य ते दहात दुखणं किती, ते वहीत लिहायचं आणि अभ्यासाच्या मॅडमचा फोन आला की सांगायचं.

ऑपरेशन नाशिकला झालं. दवाखान्यात ती दुसऱ्या खोलीत होती, तोवर मी खरं सांगितलं. मग आम्ही दोघं धुळ्याला तिच्या घरी आलो. ती आतल्या खोलीत, माझी खाट बाहेर, मधलं दार उघडं. तिचीही एक वही होती: पाणी किती प्यायली, लघवी किती झाली, वजन, ताप. रोज सकाळी मास्क लावून मी ती वही बघायचो. लघवीचा आकडा वाचून मला जो आनंद व्हायचा, तो कपाशीच्या भरल्या गाडीनेही कधी झाला नव्हता. माझी किडनी कामाला लागली होती!

दुखत मात्र होतं. खोकला आला की डोळ्यांपुढे अंधारी यायची. पण फोन यायचा तेव्हा ती आत जागी असायची, आणि मी ठणठणीत आवाजात सांगायचो, "दोन." वहीतही दोन. एवढ्याने कुणाचं काय बिघडतं, अशी मनाची समजूत घातली. काट्यावर असं कुणी केलं असतं तर मी त्याला फाडून खाल्लं असतं.

घरी येऊन आठवडा झाला. त्या संध्याकाळी मी दोन म्हटलं आणि आतून तिचा आवाज आला, "दोन नही, पाच शे. पाच लिखा!"

मी हसण्यावारी नेऊ लागलो, तर तिने मला आत बोलावून आपल्या वहीचं शेवटचं पान उघडून दाखवलं. तिथवर मी कधी गेलोच नव्हतो. प्रत्येक तारखेपुढे माझी नोंद होती. उठताना खाट धरली, चारदा. खोकताना भिंत धरली. ताट अर्धं ठेवलं. प्रत्येक ओळीच्या शेवटी आकडा: सहा, सहा, पाच. दोन कुठेच नव्हतं.

"भाऊ, तू खरं सांगशी म्हनीसन मी तयार व्हयनू," ती म्हणाली. "आते तुन्हं दुखनं माले चोरीसन देखनं पडस."

मला इतकी शरम आयुष्यात वाटली नव्हती. फोन चालूच होता. पलीकडच्या मॅडमनी सगळं ऐकलं होतं, पण त्या रागावल्या नाहीत. "काका, जुना आकडा गिरवून काळा करू नका," त्या म्हणाल्या. "एक रेघ मारा, खालचा वाचता आला पाहिजे. शेजारी तुम्हाला आठवतो तो आकडा, आजची तारीख आणि सही. ताईंचा नको, तुमचाच. आणि दुखतंय ते उद्या डॉक्टरांनाही सांगा."

मी सात रेघा मारल्या, सात सह्या केल्या.

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन आला. शून्य ते दहात किती? मी आत बघितलं. ती उशीला टेकून, पेन उघडून बसली होती.

"चार," मी काट्यापाशी सांगायचो तसं मोठ्याने सांगितलं.

 मग तिने माझ्या नोंदींचं ते शेवटचं पान फाडलं आणि पेनाला टोपण लावलं.