धाकट्याच्या पोटऱ्या

लातूर वेगळा जिल्हा झाल्यानंतरच्या दुष्काळात औशातल्या आमच्या तालमीची माती कोरडी पडली. शिंपायलाही पाणी नव्हतं. वस्तादांनी कुस्त्या बंद करून पोरांना बारवेवर लावलं. तळातून कळशी भरायची आणि खांद्यावर घेऊन पायऱ्या चढायच्या. पाणीही येई, बैठकाही होत.

माझा धाकटा भाऊ तेव्हा सहा-सात वर्षांचा. त्याच्या पोटऱ्या वयाच्या मानानं इतक्या भरदार, की वस्ताद त्या दाबून वडिलांना म्हणत, "पैलवानाचा पाय हाय हा. पोरगं लई पुढं जाईल." वडील खूश होत. जमिनीवरून उठताना मात्र तो गुडघ्यांवर, मग मांड्यांवर हात टेकत, स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखा उभा राहायचा. आम्ही त्याला आळशी म्हणायचो. त्याला बारवेवर नेणं माझ्याकडं होतं.

"दादा, पाय ऐकंनातच," तो म्हणायचा.

"पैलवान रडत नसतो. चढ."

एक दिवस तो पायरीवर बसला तो उठेचना. असल्या आजाराचा डॉक्टर लातुरात नव्हता, म्हणून वडील आम्हा दोघांना घेऊन नांदेडला गेले. डॉक्टरांनी सांगितलं, पोटरी फुगलीय ती ताकदीनं नाही. स्नायू झिजतोय आणि त्याची जागा चरबी घेतेय. धडधाकट माणसाचा स्नायू ओझ्यानं दुखावतो आणि भरून येताना जाड होतो. याचा भरून येत नाही.

"मग मेहनत वाढवावी का?" वडिलांनी विचारलं.

"बंद करा. ओझं तर अजिबात नको."

"चालंल ना पण?"

"काही वर्षं," डॉक्टर म्हणाले.



पुढं मी याच विषयाच्या संशोधनात पडलो. व्यायामानं स्नायूत काय घडतं, ते मोजण्यात उमेदीची वर्षं गेली. त्या पायऱ्या नसत्या तर तो आणखी किती चालला असता, हे मला आजही सांगता येत नाही. सहकारी म्हणतात, शेवट तोच होता. ते खरं आहे, पण त्यानं हलकं वाटत नाही.

त्याचं चालणं थांबल्यावर मी त्याला पाठीवर घेऊन शाळेत नेऊ लागलो. तो वाढत होता, जड होत होता. एकदा त्यानं कानाशी विचारलं, "दादा, तुझे पाय दुखत असतील ना?"

मी नाही म्हणालो. ते खरंच दुखत नव्हते. रोजच्या ओझ्यानं ते बळकट होत चालले होते.